माजी सैनिकाचा मानसिक आजार आणि त्याला सांभाळणारे घर

सैन्यातला जवान साधारण पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. त्या वेळी मुले शाळेत असतात, घराचे कर्ज फिटलेले नसते, आईवडील थकत चाललेले असतात. नोकरीच्या काळात तो रजेपुरता घरी आलेला असतो. बाकीचे वर्ष घर, शेती, मुलांच्या शाळा आणि सासू-सासऱ्यांची दुखणी पत्नीनेच पाहिलेली असतात. अशा घरात तो कायमचा परततो आणि काही घरांत त्याच्याबरोबर आजारही येतो. हा आजार म्हणजे कुठे आघातानंतरचा ताणविकार म्हणजेच पीटीएसडी, कुठे खोल नैराश्य, कुठे दारूचे व्यसन. काही घरांत तो स्किझोफ्रेनिया असतो, तर काहींत डोक्याला झालेल्या जुन्या जखमेने बदललेला स्वभाव. दवाखान्यात केसपेपर एकाच्याच नावाने निघतो. पण औषधांच्या वेळा, पैशांची ओढाताण, रात्रीची जागरणे आणि नातेवाइकांचे प्रश्न दुसरेच कोणीतरी झेलत असते. बहुतेक घरांत ती पत्नी असते; लग्न न झालेल्या किंवा मोडलेल्या जवानाच्या घरी आई, क्वचित भाऊ किंवा मोठी मुलगी. मानसिक आरोग्याच्या मराठी स्वमदत गटांत अशा व्यक्तीला शुभंकर आणि रुग्णाला शुभार्थी म्हणतात.

शुभंकराला मदत करू पाहणारे लोक बहुधा धीर देतात किंवा सल्ला देतात. या दोन्हींची तिला फारशी कमतरता नसते. ‘तू आहेस म्हणून घर उभं आहे’ हे वाक्य तिने अनेकदा ऐकलेले असते आणि त्याने तिची झोप भरून निघत नाही. तिचा ताण खऱ्या अर्थाने कमी होतो तो तिच्या हातातले एखादे ठरावीक काम दुसऱ्याने कायमचे उचलले की. या लेखातल्या बहुतेक सूचनांचा रोख तिकडेच आहे.

ताण कुठून येतो

पहिला भाग शरीराचा. पती मध्यरात्री ओरडत उठतो, दार लावले आहे का ते तीनतीनदा पाहतो, अंगणात येरझारा घालतो. शेजारी झोपलेल्या बाईची झोप वर्षानुवर्षे अर्धवटच राहते. दिवसा तिचे लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे असते. आवाज चढतो आहे का, मुलांनी टीव्ही मोठा केला का, पाहुण्यांनी काही विचारले का, हे ती सतत टिपत असते. हळूहळू सगळे घरच दबक्या आवाजात वागू लागते.

दुसरा भाग लपवाछपवीचा. साताऱ्याजवळचे अपशिंगे मिलिटरी किंवा शिरोळ तालुक्यातले सैनिक टाकळी यांसारख्या, घरटी फौजी असलेल्या गावांत सैन्य हा साऱ्या गावाचा अभिमान असतो. गुडघा गेला, कानाने कमी ऐकू येते, हे तिथे सांगता येते. मन बिघडले हे सांगता येत नाही. मग बीपीचे कारण पुढे करायचे, लग्नाला एकटीनेच जाऊन यायचे, फोन उचलायचे टाळायचे. या लपवण्यात बरीच शक्ती खर्च होते आणि मदतीला येऊ शकणारी माणसेही दूर राहतात.

तिसरा भाग दुःखाचा. नवरा समोर बसलेला असतो, पण लग्न झाले तेव्हाचा तो माणूस उरलेला नसतो. या दुःखाला दिवस-तेरावा नसतो आणि कोणी भेटायलाही येत नाही. त्याबद्दल राग येतो आणि राग आला म्हणून अपराधी वाटते. शुभंकराच्या मनात येणारा हा राग स्वाभाविक आहे, आणि तो तिच्या प्रेमातली उणीव नव्हे, हे तिला जवळच्या कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

भाराखाली माणूस वाकू लागल्याच्या खुणा आधी अंगावर दिसतात. मान-पाठ धरते, पित्त वाढते, डोके सतत दुखते. नवऱ्याच्या गोळ्या वेळेवर दिल्या जातात, पण स्वतःची बीपीची किंवा थायरॉईडची गोळी चुकते. मुलांवर कारण नसताना हात उचलला जातो. माहेरी जाणे बंद होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा ‘आपण नसलेलेच बरे’ असे विचार येत असतील, तर तो तिचा स्वतःचा आजार समजावा आणि तिच्या नावाने वेगळा केसपेपर काढावा. अमेरिकी संशोधक स्टीव्हन झॅरिट यांनी १९८० मध्ये काळजीवाहकांच्या भारासाठी एक प्रश्नावली तयार केली आणि ती आजही वापरली जाते. अशी प्रश्नावली हाताशी नसली तरी रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी जाताजाता ‘तुमची झोप कशी आहे?’ एवढे शुभंकराला विचारले, तरी बरेच काही कळते.

आजार समजून घेणे

आजार समजला की त्यातले बरेच प्रसंग वैयक्तिक वाटेनासे होतात. पीटीएसडीला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात १९८० मध्ये स्थान मिळाले. त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा अनुभव होता. भारतात श्रीलंकेतली १९८७ ते १९९० ची शांतिसेना, १९९९ चे कारगिल, काश्मीर आणि ईशान्येतली दीर्घ तैनाती यांतून गेलेले हजारो जवान आज गावोगावी आहेत. आघात प्रत्यक्ष लढाईतच होतो असे नाही. सियाचिनमधला हिमस्खलनाचा प्रसंग, सोबत्याची आत्महत्या किंवा स्फोटानंतर मृतदेह गोळा करण्याचे काम पुरेसे असते. लक्षणे कधी कधी कित्येक वर्षांनी उघड होतात. पलटणीचा दिनक्रम आणि सोबती सुटल्यावर, म्हणजे नेमके निवृत्तीनंतर, ती डोके वर काढतात.

या आजारात जुना प्रसंग आठवण म्हणून येत नाही, तो पुन्हा घडतो आहे असे शरीराला वाटते. त्यामुळे झोपलेल्या माणसाला अंगाला हात लावून उठवू नये. दाराशी उभे राहून नावाने हाक मारावी आणि दिवा लावावा. तो भानावर नसेल तर प्रश्नांची सरबत्ती न करता आपण कोण आहोत, आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत हे शांतपणे सांगावे. दिवाळीतले फटाके, गणपतीची मिरवणूक, वरातीतले डीजे यांची तारीख आधी माहीत असते, तेव्हा तयारीही आधी करता येते. त्या दिवसांत शेतावरच्या घरी किंवा शांत ठिकाणच्या बहिणीकडे जाणे सोयीचे. हा पळपुटेपणा नव्हे, पण हे टाळणे हळूहळू वाढत जाऊन माणूस घराबाहेर पडेनासा झाला, तर डॉक्टरांना सांगायला हवे. युद्धातले प्रसंग बोलून मोकळे होण्याचा आग्रह घरच्यांनी धरू नये. तो स्वतः बोलू लागला तर ऐकावे. प्रसंगाला टप्प्याटप्प्याने सामोरे नेण्याचे उपचार प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञच करतात आणि ते काम पत्नीच्या गळ्यात घालणे दोघांवरही अन्याय करणारे असते.

नैराश्याच्या किंवा पीटीएसडीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. घरचे लोक दहाव्या दिवशीच ‘फरक नाही’ म्हणून गोळ्या बंद करतात, किंवा बरे वाटू लागताच थांबवतात. दोन्ही वेळा आजार उलटतो आणि दोष शुभंकरावर येतो. गोळ्या कमी करण्याचा निर्णय फक्त डॉक्टरांचा असतो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवलेले चांगले.

घराच्या बोलण्याचा आजारावर परिणाम होतो, हे लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या अभ्यासातून १९५०-६० च्या दशकांत दाखवले. सतत टीका, वैर किंवा अति गुंतून पडणे असलेल्या घरांत रुग्ण लवकर पुन्हा आजारी पडत होते. या निष्कर्षाचा वापर बायकोला बोल लावण्यासाठी होऊ नये. थकलेला माणूसच जास्त टोचून बोलतो, म्हणून घरातली टीका कमी करायची तर आधी शुभंकराचा थकवा कमी करावा लागतो.

दारू

कित्येक घरांत खरा आजार दारूच्या आड दडलेला असतो. झोप लागावी, स्वप्ने पडू नयेत म्हणून सुरू झालेले पिणे कँटीनच्या मासिक कोट्याने सोयीचे होते. नातेवाईक ‘फौजी आहे, पिणारच’ म्हणून सोडून देतात. पत्नीला मात्र बाटल्या लपवणे, मित्रांशी भांडणे, पगार आणि पेन्शनवर लक्ष ठेवणे या चक्रात अडकावे लागते.

याबाबत दोन धोके सांगणे आवश्यक आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरातल्या घरात एकदम तोडू नये. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, थरथर, ताप यांसह जीवघेणी अवस्था येऊ शकते. दारू सोडवणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गरज पडल्यास भरती करूनच व्हावे. दुसरे म्हणजे जेवणात किंवा चहात गुपचूप घालायची ‘दारू सोडवणारी गोळी’. जाहिराती पाहून ती हताश बायका घेतात. डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना वर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. हे औषध रुग्णाला माहिती देऊन, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच द्यायचे असते.

पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले. तिथे व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. नवरा उपचाराला तयार नसला तरी पत्नीने अशा गटात जाणे सुरू करावे. तिच्या वागण्यातला फरक हाच अनेकदा त्याच्या उपचाराची सुरुवात ठरतो.

नात्यागोत्याने उचलायची कामे

मदत देणाऱ्याने ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नये. थकलेल्या माणसाला मदत मागणे हेही एक काम वाटते. त्याऐवजी ठरावीक काम, ठरावीक वार आणि ठरावीक माणूस असावा. माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमधून दर महिन्याच्या गोळ्या आणणे धाकट्या दिराकडे. मुलाच्या शाळेतली पालकसभा आत्याकडे. महिन्यातून एकदा दोन दिवस शुभंकर माहेरी जाईल आणि तेवढे दिवस रुग्णाचा भाऊ घरात झोपेल. आठवड्यातून एक रात्र तरी तिला सलग, न दचकता झोप मिळेल, एवढी सोय झाली तरी तिच्या तब्येतीत पडणारा फरक डोळ्यांना दिसतो. हे सगळे कागदावर लिहून भिंतीला लावले तर विसरायला वाव राहत नाही.

पलटणीतले जुने सोबती ही या घरांची खास ताकद आहे आणि तिचा उपयोग फार कमी होतो. डॉक्टरकडे यायला नकार देणारा माणूस आपल्या सुभेदारसाहेबांच्या किंवा जुन्या बडीच्या एका फोनने तयार होतो. त्यांनी त्याला सकाळी फिरायला न्यावे, दवाखान्याच्या रांगेत सोबत बसावे. एकत्र प्यायला मात्र बसू नये, ही अट आधीच घालावी.

सासरच्या माणसांकडून एक गोष्ट थांबायला हवी. ‘लग्नानंतर असा झाला’, ‘हिनेच नीट सांभाळला नाही’ ही वाक्ये घरात उच्चारली जाऊ नयेत. हे आजार पत्नीच्या स्वभावाने होत नाहीत. घरातले कोणी देवऋषीकडे किंवा दर्ग्यावर जायचे म्हणत असेल, तर त्यावरून घरात युद्ध करण्याची गरज नाही. गोळ्या चालू राहतील एवढी अट पुरते. मात्र भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणे किंवा बांधून ठेवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मुलांना खरे सांगावे, त्यांच्या वयाला पेलेल एवढे. ‘बाबांच्या मनाला आजार झाला आहे, औषध चालू आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही’ ही तीन वाक्ये सहा वर्षांच्या मुलालाही समजतात. मोठ्या मुलीला छोटी आई करून टाकण्याचा मोह टाळायला हवा. अभ्यास सोडून तिने बापावर पहारा ठेवणे ही मदत नव्हे.

सरकारी आणि लष्करी सोयी

निवृत्त सैनिकांसाठीची ईसीएचएस ही आरोग्ययोजना एप्रिल २००३ पासून चालू आहे. तिच्यात पेन्शनधारक सैनिकाबरोबर पत्नी आणि अटींत बसणारी मुले व आईवडीलही येतात. मानसिक आजारासाठी पॉलिक्लिनिकमधून लष्करी किंवा पॅनेलवरच्या रुग्णालयात रेफरल मिळते. शुभंकराच्या स्वतःच्या उपचारालाही हेच कार्ड चालते आणि हे अनेक पत्नींच्या लक्षातच आलेले नसते. पॉलिक्लिनिक लांब असेल तर जिल्हा रुग्णालयातला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालये सर्वांसाठी खुली आहेत.

टेलि-मानस ही सरकारी मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि रुग्णाऐवजी घरच्यांनी फोन केला तरी चालतो. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी तिचा एक कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू करण्यात आला.

पेन्शनच्या कागदपत्रांसाठी पहिला दरवाजा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा. आजार नोकरीमुळे झाला किंवा नोकरीमुळे वाढला असे ठरले, तर डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा होऊ शकतो. धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असे धरायचे आणि आजाराचा नोकरीशी संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. २०२३ मध्ये हे नियम बदलले, त्यामुळे निवृत्तीची तारीख पाहूनच सल्ला घ्यावा. दावा फेटाळला गेला तर अपील आणि पुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. त्याचे एक पीठ मुंबईत आहे. पूर्ण अपंगत्व ठरलेल्यांना सतत सोबतीची गरज असल्यास त्यासाठीचा भत्ताही मेडिकल बोर्डाच्या शिफारशीने मिळू शकतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश असल्याने यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्रासाठी अर्ज करता येतो. या सगळ्या फेऱ्या शुभंकराने एकटीने मारू नयेत. माजी सैनिक संघटनेतला कागदोपत्री जाणकार माणूस बहुतेक तालुक्यांत असतो. त्याला घरी बोलवावे.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा शुभंकराच्या उपयोगाचा आहे. रुग्ण बरा असताना आपला नामनिर्देशित प्रतिनिधी कोण आणि संकटात आपल्यावर कोणते उपचार व्हावेत किंवा होऊ नयेत हे आधी लिहून ठेवू शकतो. पतीच्या चांगल्या काळात हे लिहून घेतले तर पुढे भरतीच्या वेळी ‘तू मला वेडा ठरवलंस’ हा आरोप झेलावा लागत नाही, कारण निर्णय त्याचा स्वतःचा असतो.

संकटाची वेळ

मरणाची भाषा, वस्तू वाटून टाकणे, अचानक सगळ्यांचा निरोप घेणे, अनेक दिवसांच्या अस्वस्थतेनंतर एकाएकी शांत होणे या खुणा गंभीर मानाव्यात. ‘जीव देण्याचा विचार येतो का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते. माजी सैनिकांच्या घरांत आणखी एक धोका असतो, परवान्याच्या बंदुकीचा. अनेक जण बँकेत किंवा एटीएमवर सशस्त्र रक्षक म्हणून काम करतात. घरात आजार आहे हे कळताच शस्त्र आणि काडतुसे घराबाहेर जायला हवीत. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर जमा करता येतात. हे सांगण्याचे काम पत्नीवर टाकू नये. ते भावाने, सरपंचाने किंवा जुन्या अधिकाऱ्याने करावे, कारण फौजीसाठी हत्यार देणे हा मानाचा प्रश्न असतो. शेतीची कीटकनाशकेही कुलपात जावीत आणि किल्ली दुसऱ्या घरी असावी. कोणी जीव देण्याचा प्रयत्न केलाच, तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना लांबवू नये. असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे कायदा गृहीत धरतो आणि त्याच्यावर उपचार करणे ही सरकारची जबाबदारी ठरवतो.

मारहाणीचा प्रश्न वेगळा. आजार हे हिंसेचे स्पष्टीकरण असू शकते, ती सोसत राहण्याचे बंधन नव्हे. हात उगारला गेला की मुलांना घेऊन बाहेर पडायचे, कोणाच्या घरी जायचे, कोणती पिशवी तयार ठेवायची हे शांत दिवशी ठरवावे. तातडीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा फौजीच्या पत्नीलाही तितकाच लागू आहे. काही काळ माहेरी राहणाऱ्या पत्नीला गावाने पळून गेलेली म्हणू नये.

शुभंकराचे स्वतःचे आयुष्य

ज्यांच्या घरात हेच चालले आहे अशा माणसांबरोबर महिन्यातून दोन तास बसणे हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच संस्था अनेक वर्षे कुटुंबांबरोबर काम करत आहेत. तालुक्याच्या गावी असा गट नसेल तर तीन घरेही पुरतात. पॉलिक्लिनिकच्या बाकावर ओळख झालेल्या दोन बायकांनी एकमेकींचे नंबर घेतले, तरी गटाची सुरुवात झाली. तिथे रडता येते, चिडता येते, कोणत्या डॉक्टरांकडे वेळ मिळतो हे कळते, आणि लपवावे लागत नाही.

शिलाई, अंगणवाडी, शिकवणी, बचतगट असे तिचे आधीपासून चालू असलेले काम शक्यतो सुटू देऊ नये. त्यातून येणाऱ्या पैशाइतकेच ते चार तास मोलाचे असतात.

आई शुभंकर असेल तर तिची चिंता निराळी असते : आपल्यामागे याचे कोण? हा प्रश्न तिच्या हयातीतच भावंडांनी एकत्र बसून सोडवायचा असतो. औषधांची यादी, डॉक्टरांचे नाव, डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश (पीपीओ), ईसीएचएस कार्ड, बँकेची कागदपत्रे एका फायलीत असावीत आणि तिची झेरॉक्स दुसऱ्या घरी ठेवावी. पुढे जो सांभाळणार आहे त्याने आतापासूनच दर तिमाहीला एकदा आईबरोबर डॉक्टरांकडे जावे. रुग्णाला त्याची सवय होते, त्याला रुग्णाची, आणि पेन्शनचे खाते कोण चालवणार, घराचा कोणता भाग कोणाच्या नावावर राहणार हे आईच्या हयातीतच ठरून जाते.